मोजपट्टी जिथे संपते

"अवकाश वाकतं म्हणता, तर नेमकं काय वाकतं?" चार माणसांसमोर भौतिकशास्त्रावर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या मागोमाग बाकीचे येतात. अवकाशाचा सर्वांत लहान तुकडा केवढा? महास्फोटाच्या आधी काय होतं? काळ खरंच असतो, की आपल्याला भासतो? आमच्या मराठवाड्यात त्यात आता औंढा नागनाथची भर पडली आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तेव्हापासून अकरावी-बारावीची मुलं विचारतात, "तिथे ग्रॅव्हिटॉन सापडेल का?" ग्रॅव्हिटॉन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा कल्पिलेला कण.

या प्रश्नांना मी कधीच बाळबोध म्हणणार नाही. ज्यांनी उभं आयुष्य क्वांटम गुरुत्वाकर्षणात, म्हणजे अणूंच्या दुनियेचे नियम गुरुत्वाकर्षणाला लावण्याच्या कामात घालवलं, तेही याच प्रश्नांपाशी अडलेले आहेत. फक्त त्यांना आपण कुठे अडलोय ते नेमकं दाखवता येतं, आणि ती जागा दाखवावी म्हणूनच हे लिहायला घेतलं.

आधी वाकण्याचं बघू. ताणलेल्या रबरी चादरीवर लोखंडी गोळा ठेवलेलं चित्र मी वर्गात वापरत नाही. तो गोळा खाली दबतो तोच मुळी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे. म्हणजे जे समजावून सांगायचं, तेच गृहीत धरलं. त्यापेक्षा घड्याळापासून सुरुवात केलेली बरी. २०१० साली अमेरिकेतल्या बोल्डर इथे दोन अणुघड्याळांच्या उंचीत फक्त ३३ सेंटिमीटरचा फरक ठेवला, आणि वरचं घड्याळ पुढे जाताना दिसलं. हा फरक ८० वर्षांच्या आयुष्यात भरेल सुमारे ९० अब्जांश सेकंद. २०२२ मध्ये त्याच शहरात तो एका मिलिमीटरच्या उंचीवर पकडला गेला. आपल्या मोबाइलला जागा सांगणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं तर उंची आणि वेग या दोन्हींचा हिशेब लावून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक होईल.

आता एक चेंडू सरळ वर फेका आणि झेला. एक घड्याळ चेंडूला बांधलंय, दुसरं तुमच्या मनगटावर आहे असं धरा. चेंडू वर जातो म्हणून त्याचं घड्याळ जरा जलद चालतं, पण तो वेगात असतो म्हणून जरा मंदही होतं. अजून उंच जावं तर जास्त वेग लागतो, आणि उंचीने मिळवलेलं वेगाने जातं. या ओढाताणीत स्वतःच्या घड्याळावर जास्तीत जास्त वेळ भरेल असाच मार्ग चेंडू धरतो, आणि तो मार्ग म्हणजे आपल्या ओळखीची वर जाऊन परत येण्याची चाल. झेलता त्या क्षणी चेंडूच्या घड्याळात तुमच्या घड्याळापेक्षा किंचित जास्त वेळ झालेला असतो. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतात पडणं म्हणजे एवढंच, ओढणारं कुणी नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या घड्याळांचं आणि मोजपट्ट्यांचं आपसात जे नातं असतं, ते सपाट भूमितीत बसत नाही, त्यालाच आपण वाकणं म्हणतो. चेंडूचं हे उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात अवकाश-काळ नावाची कुठली अदृश्य चादर कल्पावी लागत नाही. जे मोजता येतं, तेवढ्यावरच सगळं उभं राहतं.

पण मग अडचणही तिथूनच सुरू होते. घड्याळ आणि मोजपट्टी अणूंची बनलेली असते, आणि अणू क्वांटम नियमांनी चालतात. मोजमाप बारीक करत नेलं तर हे दोन सिद्धांत कुठे तरी एकमेकांना भिडणार. ते नेमके कुठे भिडतात, हे सर्वांत आधी ज्याने स्वच्छ पाहिलं त्याचं नाव मात्वेई ब्रॉन्स्टाइन. लेनिनग्राडचा हा तरुण १९३६ साली २९ वर्षांचा होता.

त्याची विचारसरणी अशी. एखाद्या छोट्या जागेतलं विद्युत क्षेत्र मोजायचं तर तिथे विद्युतभार असलेला कण ठेवायचा आणि तो कसा सरकतो ते बघायचं. बघणं म्हणजे कणाला धक्का देणं आलंच, हायझेनबर्गच्या अनिश्चितता तत्त्वातून सुटका नाही. मग कण जड घ्यावा, म्हणजे धक्का लागला तरी तो फारसा हलणार नाही. विद्युत क्षेत्राच्या बाबतीत ही युक्ती हवी तेवढी ताणता येते, कारण वस्तुमान वाढवलं म्हणून विद्युतभार वाढत नाही. गुरुत्वाकर्षणात ही सोय नाही. ज्या जडपणामुळे कण स्थिर राहतो, तोच जडपणा गुरुत्वाकर्षण निर्माण करतो. जागा लहान करत, कण जड करत गेलं की एका टप्प्यावर कणाचा आकार त्याच्याच गुरुत्वीय त्रिज्येहून लहान होतो. आजच्या भाषेत त्याचं कृष्णविवर होतं, आणि आतलं काहीच बाहेर कळत नाही. मोजायला गेलेलं साधनच मोजायची जागा गिळून टाकतं. ब्रॉन्स्टाइनचा निष्कर्ष होता की हा विरोध किरकोळ डागडुजीने मिटणारा नाही, अवकाश आणि काळाच्या नेहमीच्या कल्पनाच कदाचित सोडाव्या लागतील.

ज्या लांबीपाशी हे घडतं तिला प्लांक लांबी म्हणतात. मीटरमध्ये लिहायची तर दशांश चिन्हापुढे ३४ शून्यं आणि मग १६. अमेरिकेतल्या लायगो यंत्राने १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर टिपली, तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीच्याही शेकडो पट लहान फरक पडला होता. माणसाने केलेल्या सर्वांत नाजूक मोजमापांपैकी हे एक. तरीही तो फरक प्लांक लांबीच्या एक लाख लाख-कोटी पटींहून मोठा भरतो.

ब्रॉन्स्टाइनला पुढचं काम करू दिलं गेलं नाही. ऑगस्ट १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला कीव्हमध्ये आईवडिलांच्या घरून पकडलं. १८ फेब्रुवारी १९३८ ला खटल्याचा देखावा झाला आणि त्याच दिवशी त्याला गोळी घातली. वय ३१. पत्नी लिदिया चुकोव्स्काया लेखिका होती. तिला सांगितलं गेलं, "दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराची परवानगी नाही." त्याचा खरा अर्थ तिला पुढे कळला. मुलांना हेलियमच्या शोधाची गोष्ट सांगणारं पुस्तकही या माणसाने लिहिलं होतं. क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा इतिहास बहुतेक ठिकाणी पन्नाशीच्या दशकापासून सांगतात, आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

ब्रॉन्स्टाइनच्या युक्तिवादातून कधी कधी भलताच अर्थ काढला जातो. अवकाश छोट्या छोट्या घनांचं बनलंय, प्लांक लांबी म्हणजे त्या घनाची बाजू, असं सर्रास सांगितलं जातं. युक्तिवाद तेवढं सांगत नाही. त्या लांबीखाली 'अंतर' या कल्पनेला काही अर्थ उरत नाही, एवढंच तो सांगतो. आणि ढोबळ जाळीच्या चित्राला निसर्गानेच एक मोठी अडचण घालून ठेवली आहे. मे २००९ मध्ये अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीने सुमारे ७.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका गॅमा-किरण स्फोटाचा प्रकाश टिपला. अवकाश खडबडीत असतं आणि त्यामुळे जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचा वेग थोडा वेगळा पडत असता, तर एवढ्या प्रवासात तो वेगळेपणा साठत गेला असता. प्रत्यक्षात त्या स्फोटातला सर्वांत ऊर्जावान फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, इतरांच्या मागेपुढे एका सेकंदाच्या आतच पोहोचला. या साध्या प्रकारच्या खडबडीतपणाला त्याने जवळपास जागाच ठेवली नाही.

मग कण-कण असूनही जाळी नसलेलं अवकाश कसं असेल? याचं सर्वांत विचारपूर्वक मांडलेलं एक उत्तर ज्यांच्या कामातून उभं राहिलं, ते अभय अष्टेकर १९४९ साली शिरपूरला, खानदेशात जन्मले. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये लिहून दाखवली. जुन्या मांडणीत ती समीकरणं क्वांटम करायला बसलं की हाताबाहेर जात. नव्या मांडणीत त्यांचं रूप बरंचसं विद्युतचुंबकत्वाच्या घराण्यातल्या सिद्धांतांसारखं झालं, आणि त्या घराण्याला क्वांटम कसं करायचं हे भौतिकशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. पुढे कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी १९९५ मध्ये दाखवलं की या मांडणीत क्षेत्रफळ आणि घनफळ सलग बदलत नाही, अणूतल्या ऊर्जेसारखं ठरावीक टप्प्यांनीच बदलतं. अंगातला सुती सदरा लांबून सलग पृष्ठभाग दिसतो आणि जवळून बघितलं तर एकेरी धाग्यांची वीण असते, तसं काहीसं इथे होतं. फरक एवढाच की हे धागे अवकाशात ठेवलेले नाहीत, त्यांच्या विणीतूनच अवकाश होतं. धागा आणि धाग्याच्या मधली जागा, ही कल्पनाच तिथे लागू होत नाही.

महास्फोटाआधीच्या प्रश्नाला याच वाटेने एक उत्तर मिळतं. अष्टेकर, टोमाश पाव्हलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी २००६ मध्ये या पद्धतीने विश्वाचा हिशेब मागे मागे नेला. आइन्स्टाइनच्या समीकरणात घनता अनंत होऊन गणित जिथे कोसळतं, तिथे त्यांच्या हिशेबात घनता एका मोठ्या पण सांत मर्यादेला पोहोचते, गुरुत्वाकर्षण ढकलू लागतं, आणि पलीकडे आकुंचन पावणारं विश्व दिसतं. मला हे काम अतिशय देखणं वाटतं. पण ते सगळीकडे एकसारख्या असलेल्या, सोप्या केलेल्या विश्वाचं गणित आहे. म्हणून "आधी काय होतं?" असं कुणी विचारलं तर "या सिद्धांतानुसार आकुंचन" एवढंच मी म्हणतो, आणि "या सिद्धांतानुसार" हे शब्द गिळत नाही.

स्ट्रिंग सिद्धांताबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, त्यावर मराठीतही बरंच लिहिलं गेलंय. त्यात सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची कंपनं. गुरुत्वाकर्षण बाहेरून आणावं लागत नाही, तारेच्या एका कंपनातून ते आपोआप येतं, हे त्याचं मोठं बळ. त्यासाठी दहा मिती मान्य कराव्या लागतात. ही वाट असो की अष्टेकरांची, दोन्हींकडे आज प्रयोगाचा पुरावा नाही.

पुण्यात मात्र या प्रश्नाकडे तिसऱ्याच बाजूने पाहणारा एक माणूस होता. थाणू पद्मनाभन तिरुवनंतपुरमला जन्मले, मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत जयंत नारळीकरांकडे पीएचडी केली, १९९२ पासून आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र केंद्रात काम केलं आणि २०२१ मध्ये पुण्यातच गेले. ऐंशीच्या दशकात नारळीकर आणि ते मिळून क्वांटम विश्वशास्त्रावर काम करत होते. नंतर पद्मनाभन यांचा विचार उष्णतेकडे वळला. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं होतं की कृष्णविवराला तापमान असतं आणि एन्ट्रॉपीही, म्हणजे आतल्या अव्यवस्थेचं मापही, असते. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या कोटीव्या भागापेक्षाही थोडं कमी, म्हणजे नावालाच. पण शून्य नाही. त्याच काळात डेव्हिस आणि अन्रू यांनी दाखवलं की त्वरण असलेल्या निरीक्षकाला रिकामी जागाही किंचित ऊबदार वाटेल.

पद्मनाभन यांनी या धाग्याला घट्ट धरलं. एकोणिसाव्या शतकात अणू कुणाला दिसत नव्हते, तेव्हा बोल्ट्झमनने वायूच्या उष्णतेवरून ओळखलं की आत न दिसणारे कण हलत असले पाहिजेत. ऊर्जा साठवायला आत काही नसेल तर वस्तू तापणारच कशी? रिकामं अवकाशही तापत असेल, तर त्यालाही काहीतरी सूक्ष्म घडण असली पाहिजे. टेड जेकबसन यांनी १९९५ मध्ये याच दिशेने एक पाऊल टाकलं होतं. क्षितिजाची, म्हणजे ज्यापलीकडचं काही कळू शकत नाही त्या सीमेची, एन्ट्रॉपी तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते एवढं गृहीत धरून त्यांनी उष्णतेच्या नियमांतून आइन्स्टाइनची समीकरणं काढून दाखवली. पद्मनाभन यांनी पुढची अनेक वर्षं या विचाराचा विस्तार केला. तो खरा ठरला तर आइन्स्टाइनची समीकरणं वायूच्या दाब-तापमानाच्या नियमासारखी ठरतात. ती अचूक राहतीलच, पण मुळातली नसतील. आणि मग त्यांनाच थेट क्वांटम करायला बसणं म्हणजे चुकीच्या दारावर धक्के मारणं. या विषयातल्या सगळ्या कल्पनांमध्ये मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी कल्पना हीच.

काळाचा प्रश्न राहिला. १९६७ मध्ये ब्राइस डेविट यांनी सबंध विश्वाचं क्वांटम समीकरण लिहिलं, आणि त्यात वेळेचं अक्षरच उरलं नाही. यावरून "काळ म्हणजे माया, आपल्या ऋषींना ठाऊकच होतं" असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. त्यांना मी दुखवत नाही, पण ते मला पटत नाही. त्या समीकरणाचं म्हणणं बरंच मर्यादित आणि बरंच जास्त रंजक आहे. विश्वाबाहेर टांगलेलं घड्याळ नाही. विश्वातलीच एक गोष्ट दुसरीच्या तुलनेत कशी बदलते, तेवढंच विचारता येतं. चेंडूचं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ, यांच्यात आपण तेच तर केलं.

आता औंढ्याच्या मुलांचा प्रश्न. तिथे ग्रॅव्हिटॉन सापडणार नाही. फ्रीमन डायसन यांनी हा हिशेब मांडला होता. लायगोच्या धर्तीच्या यंत्राने एकेक ग्रॅव्हिटॉन टिपायचा तर आरशांमधलं अंतर प्लांक लांबीच्या घरात मोजावं लागेल, आणि तेवढ्या स्थिरतेसाठी आरसे इतके जड लागतील की सगळं यंत्रच कोसळून कृष्णविवर होईल. ब्रॉन्स्टाइनचाच युक्तिवाद, नव्या रूपात. औंढ्यात कृष्णविवरांच्या टकरी ऐकू येतील, त्या आकाशात नेमक्या कुठे झाल्या ते जास्त नीट कळेल, आणि ते काम स्वतःच मोठं आहे.

तरीही मुलांनी हात टेकू नयेत याला एक ठोस कारण आहे. प्लांक लांबी कल्पनेत मावत नाही, पण प्लांक वस्तुमान मावतं. ते आहे सुमारे २२ मायक्रोग्रॅम. पाव मिलिमीटर जाडीचा वाळूचा एक कण घ्या, त्याचं वजन जवळपास तेवढंच भरतं. तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, बोटाच्या टोकाला चिकटतो. म्हणजे क्वांटम आणि गुरुत्वाकर्षण यांची गाठ पडायची जागा वस्तुमानाच्या बाजूने पाहिली तर आपल्या हाताच्या अंतरावर आहे.

१९५७ मध्ये चॅपल हिलच्या परिषदेत फाइनमन यांनी या बाजूने प्रश्न विचारला. क्वांटम नियमांप्रमाणे एखादी वस्तू एकाच वेळी इथे आणि तिथे अशा दुहेरी अवस्थेत असू शकते. मग तिचं गुरुत्वाकर्षण शेजारच्या कणाला कुठल्या बाजूला खेचेल? उलट बाजू आपल्याला माहीत आहे. १९७५ मध्ये कोलेला, ओव्हरहाउसर आणि वर्नर यांनी दोन उंचींवरच्या वाटांनी एकाच वेळी गेलेल्या न्यूट्रॉनवर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मोजला. पण दुहेरी अवस्थेतल्या वस्तूने स्वतः निर्माण केलेलं गुरुत्वाकर्षण अजून कुणी पाहिलेलं नाही.

का, ते व्हिएन्नात गेलं की कळतं. त्याच शहरात २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंचे, हायड्रोजनच्या २५,००० पट जड रेणू दुहेरी अवस्थेत आणले गेले. आणि तिथेच २०२१ मध्ये दोन मिलिमीटर जाडीच्या, ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीचं गुरुत्वाकर्षण मोजलं गेलं. ट्राम आणि पादचाऱ्यांच्या हादऱ्यांनी मोजमाप बिघडू नये म्हणून नाताळाच्या दिवसांतल्या रात्री गाठाव्या लागल्या. एका टोकाला क्वांटम वागणारा तो जड रेणू, दुसऱ्या टोकाला गुरुत्वाकर्षण दाखवणारी ही चिमुकली गोळी, आणि मधे एकावर अठरा शून्यांची दरी.

या दरीच्या साधारण मधोमध एक प्रयोग सुचवला गेलाय. लंडनचे सुगतो बोस आणि त्यांचे सहकारी, तसंच स्वतंत्रपणे मार्लेटो आणि व्हेड्रल, यांनी २०१७ मध्ये तो मांडला. ग्रॅमच्या दहा हजार कोटीव्या भागाएवढे दोन स्फटिक घ्यायचे. प्रत्येकाला पाव मिलिमीटर अंतराच्या दुहेरी अवस्थेत न्यायचं, एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवायचं आणि दोन-अडीच सेकंद सोडून द्यायचं. त्यांच्यात गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरा कुठलाच संबंध नसताना एंटँगलमेंट झालं, म्हणजे दोघांच्या क्वांटम अवस्था एकमेकींत गुंतल्या, तर दोघांना जोडणारं गुरुत्वाकर्षण निव्वळ अभिजात, म्हणजे क्वांटमच्या आधीच्या, नियमांनी चालत नाही असं म्हणावं लागेल. झालं नाही, तर पेनरोज म्हणतात तसं गुरुत्वाकर्षणच जड वस्तूंची दुहेरी अवस्था मोडतं का, हा प्रश्न पुढे येईल. त्या कल्पनेचं सर्वांत साधं रूप इटलीतल्या ग्रान सास्सोच्या भूमिगत प्रयोगाने २०२० मध्ये बाद केलंय, पण बाकीची रूपं शिल्लक आहेत.

करायला हे महाकठीण आहे. त्या दोन सेकंदांत हवेचा एक भरकटलेला रेणू आदळला तरी दुहेरी अवस्था मोडते. स्फटिक जरा जास्त जवळ आले तर कॅसिमिर बल, म्हणजे अगदी जवळच्या वस्तूंमधलं एक क्वांटम आकर्षण, गुरुत्वाकर्षणाला झाकून टाकतं. व्हिएन्नात २०१९ मध्ये दुहेरी अवस्थेत नेलेल्या रेणूपेक्षा हा स्फटिक सुमारे २४ कोटी पट जड आहे. तरी अडचणींची ही यादी निर्वात पंपांची, थंडाव्याची आणि चुंबकांची आहे, आणि अशा याद्या प्रयोगशाळांनी आजवर कमी केलेल्या आहेत. निकाल काय लागेल असं विचाराल तर माझा कौल एंटँगलमेंट दिसेल या बाजूने. निसर्गातली बाकीची सगळी बलं क्वांटम नियम पाळत असताना एकट्या गुरुत्वाकर्षणाने वेगळं राहायचं, तर गणिताला इतके सांधे जोडावे लागतात की ते मला पटत नाही. पद्मनाभन यांचं म्हणणं मात्र त्या निकालानेही मिटणार नाही, कारण अवकाशाला सूक्ष्म घडण असेल तर तीही क्वांटमच असणार.